व्यक्तिछायाचित्रण : बैठकीची पूर्वतयारी

एखाद्या व्यक्तीची ओळख, हुद्दा किंवा व्यवसाय दर्शविण्याच्या हेतूने, तिला समोर बसवून वा उभे करून घेतलेल्या छायाचित्रास व्यक्तिछायाचित्र म्हणतात. वृत्तछायाचित्रात व्यक्ती छायाचित्रकाराला सापडते. व्यक्तिछायाचित्रात ती स्वतः त्याच्याकडे जाते. त्यामुळे कॅमेऱ्याची कळ दाबण्यापूर्वी घडणाऱ्या गोष्टी, म्हणजे वस्त्रांची व अलंकारांची निवड, केशभूषा, बसण्याची ढब, हातांची ठेवण, मागील पडदा, सोबतच्या वस्तू, या त्या चित्राचाच भाग ठरतात. कळ छायाचित्रकाराच्या हाती असते. पूर्वतयारीत मात्र समोर बसणाऱ्याचा वाटा असतो. आपण कसे दिसावे हे कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न या तयारीच्या इतिहासात प्रारंभापासून उभा राहिलेला दिसतो. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील, विशेषतः पूर्वी हैदराबाद संस्थानात मोडणाऱ्या मराठवाड्यातील, परिस्थिती ध्यानात घेऊन या विषयाचा विचार केला आहे.

प्रारंभीची साधने व त्यांचे निर्बंध : लुई दागेर यांच्या छायाचित्रण पद्धतीचे तपशील पॅरिसमध्ये १९ ऑगस्ट १८३९ रोजी जाहीर करण्यात आले. या पद्धतीत सुरुवातीस भर उन्हातही कित्येक मिनिटांचे उद्भासन लागे. साहजिकच जिवंत माणसाचे चित्र घेणे जवळजवळ अशक्य होते. १८४० मध्ये योझेफ पेट्सव्हाल यांनी तयार केलेले अधिक प्रकाशग्राही भिंग आणि पट्टिकेची संवेदनक्षमता वाढविणारी रसायने यांमुळे हा अवधी मिनिटाच्या आत आला. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कलोडियन पट्टिकेची पद्धत प्रसिद्ध केली व तो काही सेकंदांवर उतरला. तरीही काही सेकंद पापणी न हलविता बसणे सोपे नसते. म्हणून बसणाऱ्याच्या मानेमागे दोन बोटांचा लोखंडी टेकू असलेला उभा दांडा ठेवीत. जुन्या चित्रांत उभ्या व्यक्तीच्या टाचांमागे या दांड्याची बैठक कधीकधी डोकावताना दिसते. त्या काळच्या चित्रांतील माणसे क्वचितच हसतात, याचे एक कारण हेच आहे : गंभीर मुद्रा टिकविता येते, हसू टिकविता येत नाही. परंतु ते एकमेव कारण नव्हे. रंगविलेल्या व्यक्तिचित्रातील प्रतिष्ठित मुद्रेचा संकेत छायाचित्राने तसाच उचलला होता, आणि उद्भासनाचा काळ सेकंदाच्या अंशापर्यंत कमी झाल्यावरही पुष्कळ वर्षे तो पाळला गेला.

१८५४ मध्ये फ्रान्समध्ये आंद्रे दिस्देरी यांनी एकाच पट्टिकेवर अनेक लहान चित्रे घेण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळविले. सु. ६ × ९ सेंमी. आकाराची ही भेटपत्रचित्रे स्वस्त असल्याने व्यक्तिछायाचित्र मध्यम वर्गाच्या आवाक्यात आले. १८६६ नंतर त्यांच्या जोडीला मोठ्या आकाराची ‘कॅबिनेट’ चित्रे प्रचलित झाली. दोन्ही प्रकारांत चित्र जाड पुठ्ठ्यावर चिकटवून त्याखाली स्टुडिओचे नाव छापीत.

मुंबईतील प्रारंभ : मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली. तिच्या भारतीय सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड हे होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः कुशल छायाचित्रकार होते व संस्थेच्या कार्यकारी मंडळावरही त्यांनी काम केले. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तेथे शिकलेल्यांपैकी हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईतील आरंभीच्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक होत. म्हणजे युरोपातील शोधानंतर दोन दशकांच्या आतच मराठी गिऱ्हाइकाला आपल्याच शहरातील, आपली भाषा व आपला पोशाख जाणणाऱ्या छायाचित्रकाराकडे जाणे शक्य झाले होते. ही बाब वाटते तितकी किरकोळ नाही. पगडी कशी बसावी, उपरणे कोणत्या खांद्यावर असावे, लुगड्याच्या निऱ्या कशा दिसाव्यात, हे न समजणारा माणूस कॅमेऱ्यामागे असला, की बसणाऱ्याच्या तयारीतील निम्मा अर्थ वाया जातो.

याच काळात दुसऱ्या प्रकारचे छायाचित्रणही मुंबईत चालू होते. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक चित्रांत माणसांच्या आकृती स्वतंत्रपणे घेऊन नंतर वेगळ्या दृश्यांवर बसविल्या आहेत. चित्राखाली व्यक्तीचे नाव सहसा नसून जातीचे, जमातीचे किंवा व्यवसायाचे नाव आहे. पुढे सरकारी प्रेरणेने जॉन फोर्ब्स वॉटसन व जॉन विल्यम के यांनी संपादिलेल्या द पीपल ऑफ इंडिया या आठ खंडांच्या ग्रंथातही (१८६८–७५) हीच दृष्टी आढळते. अशा चित्रांसाठीही बसणाऱ्याची तयारी करून घेतली जाई. पण ती तयारी त्याची नसे. हाती कोणते अवजार द्यावयाचे, अंगावर काय ठेवावयाचे, मागे काय दिसावे, हे चित्र मागविणारा ठरवी. भेटपत्रचित्रातील वकील आणि जातिसंग्रहातील कारागीर हे दोघेही एकाच प्रकारच्या पट्टिकेवर, एकाच प्रकारच्या काचछताखाली उतरलेले असू शकतात. त्यांतील फरक तंत्राचा नाही. पूर्वतयारीवरील अधिकाराचा आहे.

पट्टिकेची रंगदृष्टी आणि वस्त्रांची निवड : जुन्या व्यक्तिछायाचित्रांचे वाचन करताना पट्टिकेला रंग कसे ‘दिसत’ हे लक्षात घेणे अत्यावश्यक आहे. कलोडियन पट्टिका व त्यानंतरच्या साध्या जिलेटिन पट्टिका मुख्यतः निळ्या, जांभळ्या व अतिनील प्रकाशालाच संवेदनक्षम होत्या. पिवळा, हिरवा व विशेषतः तांबडा रंग त्यांवर फारसा परिणाम करीत नसे. परिणामी निळे वस्त्र चित्रात फिकट, जवळजवळ पांढरे उतरे, तर तांबडे काळे दिसे. कपाळावरील लाल कुंकू जुन्या छायाचित्रांत काळ्या टिकलीसारखे दिसते ते यामुळेच. लाल पागोटी व पगड्याही काळ्या दिसतात, आणि हळदी रंगाचे वस्त्र गडद करडे होते. आज ही चित्रे पाहणाऱ्याची समजूत होते, की त्या काळी लोक काळी शिरोवस्त्रे वापरीत. काही चित्रकारांनी छायाचित्रावरून तैलचित्र करताना हीच चूक कायम केल्याचे संभवते.

महाराष्ट्रीय पोशाख या पट्टिकेच्या दृष्टीने मोठा अडचणीचा होता. पुरुषांचा अंगरखा, धोतर व उपरणे पांढरी. पगडी बहुधा लाल. मधला चेहरा सावळा. गव्हाळ व सावळ्या कांतीत तांबड्या-पिवळ्या छटांचे प्रमाण अधिक असल्याने चेहरा प्रत्यक्षाहून काळा उतरे. पांढऱ्या वस्त्रांच्या मापाने उद्भासन दिले, तर चेहऱ्याचे तपशील बुडत. चेहऱ्याच्या मापाने दिले, तर वस्त्रांच्या चुण्या नाहीशा होऊन पांढरा ठिगळासारखा भाग उरे. जरीचा काठ व सोन्याचे दागिने यांवरून प्रकाश परावर्तित होऊन डाग पडत. म्हणून छायाचित्रकार गिऱ्हाइकांना शुभ्र वस्त्र टाळण्यास, मध्यम रंगाचा कोट चढविण्यास किंवा शाल पांघरण्यास सुचवीत. कोट आणि शाल या दोन वस्तू जुन्या व्यक्तिछायाचित्रांत इतक्या वारंवार दिसतात, याचे श्रेय केवळ इंग्रजी शिक्षणाला किंवा दरबारी प्रथेला देणे अपुरे आहे. रसायनशास्त्राचाही त्यात भाग आहे.

चेहऱ्यावर पावडर लावण्याची प्रथाही याच कारणाने दृढ झाली. तांबूसपणा, वांग व देवीचे व्रण पट्टिकेवर ठळक उमटत. पावडरीने ते झाकले न गेल्यास निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने काम करून ते पुसट करीत. असे दुरुस्त केलेले निगेटिव्ह म्यूनिकचे फ्रांट्स हान्फश्टेंगल यांनी १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडले होते. ‘रिटचिंग’ या नावाने ओळखली जाणारी ही कारागिरी पुढे भारतातील प्रत्येक स्टुडिओचे अविभाज्य अंग बनली. गिऱ्हाईक ‘थोडे गोरे करा’ असे सांगे आणि कारागीर ते निमूटपणे करी. त्यामागे वर्णाविषयीचा पूर्वग्रह होता हे खरे. पण मुळात पट्टिकेनेच चेहरा प्रत्यक्षाहून काळा केलेला असे, हेही तितकेच खरे. हेर्मान व्हिल्हेल्म फोगल यांनी १८७३ मध्ये रंजकद्रव्ये मिसळून पट्टिकेची रंगसंवेदना वाढविता येते हे दाखविले. त्यातून हिरव्या व पिवळ्या रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पट्टिका निघाल्या, आणि १९०६ पासून सर्व रंगांना संवेदनक्षम अशा पट्टिका बाजारात मिळू लागल्या. तथापि लहान गावांतील व्यावसायिक जुनाच माल दीर्घकाळ वापरीत राहिले. तांबड्या दिव्याच्या उजेडात तो डोळ्यांसमोर धुता येत असे, ही त्याची मोठी सोय होती.

रंगीत फिल्म आल्यावर हा प्रश्न संपला असे मात्र नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास रंगीत छपाईचा मेळ घालण्यासाठी प्रयोगशाळांत जी नमुनाचित्रे वापरीत, ती गोऱ्या कांतीच्या स्त्रियांची होती. ‘शर्ली कार्ड’ या नावाने ती ओळखली जात. त्यांच्या मापाने जुळविलेल्या छपाईत सावळ्या चेहऱ्यांचे बारकावे हरवत. या उणिवेविषयी तक्रारी होऊन फिल्ममध्ये सुधारणा झाल्या. त्यांस गडद रंगांच्या छटा नीट दिसाव्यात अशी मागणी करणारे लाकडी सामानाचे व चॉकलेटचे उत्पादकही काही अंशी कारण झाले, असे या विषयाच्या अभ्यासकांनी दाखविले आहे.

हैदराबाद संस्थान व मराठवाडा : हिंगोली जिल्ह्यातील पुसेगाव (सेनगाव तालुका, सातारा जिल्ह्यातील याच नावाचे गाव वेगळे) आणि त्याच्या भोवतीचा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा निर्माण झाला. हिंगोली येथे हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. ही फौज १९०३ मध्ये हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. या प्रदेशाचे राजकीय केंद्र हैदराबाद असल्याने व्यक्तिछायाचित्राचे प्रतिष्ठित नमुनेही तेथूनच येत.

त्या नमुन्यांवर लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांची छाप होती. सरधना येथे जन्मलेल्या आणि रुडकी येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या दीनदयाळ यांनी इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करीत असताना छायाचित्रणास आरंभ केला. १८८०–९० या दशकात ते सहावे निजाम मीर महबूब अली खान (कार. १८६९–१९११) यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. निजामाने त्यांना ‘राजा’ हा किताब दिला. १८८६ मध्ये त्यांनी सिकंदराबाद येथे व १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडले. त्यांच्या व्यक्तिचित्रांत सरदार, जहागीरदार, अधिकारी व त्यांची मुले शेरवानी, किमती वस्त्रे, तलवार व पदके यांसह दिसतात. दरबारातील दर्जा पोशाखावरून ठरत असल्याने तेथे तयारी म्हणजे दर्जाचीच मांडणी असे.

दीनदयाळ यांनी १८९२ च्या सुमारास स्त्रियांसाठी स्वतंत्र जनानी स्टुडिओ सुरू केला, ही घटना या इतिहासात विशेष महत्त्वाची आहे. तो एका इंग्रज महिलेच्या देखरेखीखाली चाले आणि बाहेरची नजर पडू नये म्हणून त्याभोवती उंच भिंती होत्या. पडद्यातील स्त्रीच्या बाबतीत पूर्वतयारी केवळ साडीचोळीची वा दागिन्यांची नसून जागेची, येण्याजाण्याच्या वाटेची आणि कॅमेऱ्यामागील व्यक्तीची असते, हे या व्यवस्थेने मान्य केले होते. तयार झालेले चित्र कोण पाहणार, हा प्रश्न मात्र उरतोच. छापील प्रत भिंतीआड राहीलच याची हमी कोणी देऊ शकत नव्हते.

मराठी स्त्रियांपैकी ज्यांनी आपली प्रतिमा परक्या समाजापुढे जाणीवपूर्वक ठेवली, त्यांत डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांचे उदाहरण ठळक आहे. फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना १० ऑक्टोबर १८८५ रोजी जपानच्या केई ओकामी व सिरियाच्या सबात इस्लाम्बुली या सहाध्यायिनींबरोबर त्यांचे छायाचित्र घेण्यात आले. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. अमेरिकन यजमानांच्या दृष्टीने ते दूरदेशींच्या विद्यार्थिनींचे कौतुकाचे चित्र असेल. पण परदेशी जाऊनही आपला आचार व वेश सोडणार नाही, असे जाहीरपणे सांगून निघालेल्या आनंदीबाईंच्या अंगावरील साडीस त्यांच्या मायदेशी एका शब्दाला जागल्याचा पुरावा म्हणून मोल होते.

भय व समजुती : कॅमेऱ्यापुढे बसल्याने आयुष्य घटते, अंगातील शक्ती ओढली जाते किंवा दृष्ट लागते, या समजुती सर्वत्र होत्या. धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांना त्यांचा प्रत्यक्ष अनुभव आला. बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकलेल्या फाळके यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला. तेथे प्लेगच्या साथीत पत्नी व अपत्य गमावल्यावर ते बडोद्यास परतले व तेथे त्यांनी पुन्हा तोच व्यवसाय मांडला. परंतु कॅमेरा शरीरातील शक्ती शोषून घेतो व त्यामुळे मरण ओढवते, अशी वदंता शहरात पसरल्याने गिऱ्हाइके येईनाशी झाली व तो व्यवसाय बसला. ही समजूत केवळ अडाणीपणाची म्हणून सोडून देता येत नाही. त्या पिढीला छायाचित्र पुष्कळदा दिसे ते मृताच्या तसबिरीच्या रूपाने, हार घातलेले. चित्र आणि मरण यांची सांगड डोळ्यांसमोर होती. तिचा कार्यकारणभाव तेवढा उलटा लावला गेला.

स्टुडिओची बैठक : विजेचे दिवे येण्यापूर्वी स्टुडिओची रचना उजेडावर अवलंबून असे. उत्तरेकडून येणारा उजेड दिवसभर सौम्य व बराचसा एकसारखा राहतो, म्हणून त्या बाजूच्या छतास किंवा भिंतीस काच बसवीत व पांढऱ्या पडद्यांनी प्रकाश कमीजास्त करीत. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची झगमगती पूड निघाली. तिचा धूर व दचका यांमुळे ती स्टुडिओपेक्षा समारंभांतच अधिक वापरली गेली. १९३० च्या सुमारास आलेले बंद काचेचे फ्लॅशचे दिवे आणि त्यानंतरचा विद्युत्‌ फ्लॅश यांनी उजेडाचा प्रश्न सोडविला.

पाठीमागील पडद्यावर महिरपी, खांब, बागेतला जिना, तलाव किंवा दूरचे डोंगर रंगविलेले असत. मराठी संगीत नाटकाच्या रंगविलेल्या पडद्यांशी त्यांचे नाते उघड आहे. पुढे एक कोरीव खुर्ची, तिपाई, तीवर फुलदाणी, घड्याळ किंवा जाड पुस्तके मांडीत. पुस्तकावर हात ठेवलेल्या व्यक्तीने ते वाचलेले असेलच असे नाही. लहान गावांतील स्टुडिओंत गिऱ्हाइकासाठी कोट, टाय, टोपी, मनगटी घड्याळ व खिशाला लावावयाचे पेन ठेवलेले असे; आरसा, कंगवा व पावडरीचा डबा तर असेच. कोट सर्वांना एकच असल्याने तो मागून चिमट्यांनी आवळीत व पुढून बेतशीर दिसेल एवढे पाहत. धोतरावर कोट चढविलेला शेतकरी चित्रात कमरेपर्यंतच घेतला जाई. मराठवाड्यातील खेड्यांतून छायाचित्र काढावयाचे तर बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जावे लागे. त्यामुळे लग्न, नोकरीचा अर्ज, मुलांची परीक्षा अशा निमित्तांनीच ते घडे, आणि एकदा काढलेले चित्र वर्षानुवर्षे पुरविले जाई. जत्रांतील फिरते छायाचित्रकार हा दुसरा मार्ग होता. पंढरपुरी विठ्ठलाच्या रंगीत प्रतिमेशेजारी उभे राहून काढलेली चित्रे वारकरी घरी नेत. तेथे कोटाची गरज नसे. टाळ, तुळशीची माळ व बुक्का हीच तयारी होती.

निजामी अमलात अधिकारी व वकील यांच्या चित्रांत शेरवानी व रुमी टोपी दिसते. १९४८ नंतर त्यांची जागा गांधी टोपीने, बंद गळ्याच्या कोटाने व पुढे विलायती सुटाने घेतली. या बदलास केवळ फॅशन म्हणता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या व्यक्तिचित्रांत सातत्याने सूट, टाय व खिशाचे पेन यांचा पोशाख ठेवला. ज्या समाजाला वस्त्र, अलंकार व पादत्राणे यांविषयी शतकानुशतके निर्बंध सोसावे लागले होते, त्या समाजातील माणसाने नीटनेटक्या वेशात कॅमेऱ्याकडे सरळ पाहणे हेच एक विधान होते. आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबाद येथे सुरू केलेल्या महाविद्यालयामुळे, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले, मराठवाड्यातील दलित विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाचे दार उघडले. पदवीधर झाल्यावर कोट घालून चित्र काढून घेणे आणि ते घराच्या दर्शनी भिंतीवर आंबेडकरांच्या तसबिरीशेजारी लावणे, ही त्या पिढीतील अनेक घरांची रीत झाली. भाड्याच्या कोटाची थट्टा करणाऱ्यांनी ही बाजू बहुधा पाहिलेली नसते.

उद्योगधंद्यांतील व्यक्तिचित्र : कंपन्यांचे अहवाल, वृत्तपत्रे व नियतकालिके यांसाठी लागणारे व्यवसायचित्र हा व्यक्तिछायाचित्राचा विसाव्या शतकात वाढलेला प्रकार आहे. मुंबईच्या बॅलर्ड इस्टेट भागात १९२८ मध्ये व्हिक्टर ससून यांनी स्थापन केलेला हॅमिल्टन स्टुडिओ उद्योगपती, संस्थानिक व अधिकारी यांच्या चित्रांसाठी प्रसिद्धी पावला. दादर येथे १९४८ मध्ये जे. एच्. ठक्कर यांनी सुरू केलेल्या इंडिया फोटो स्टुडिओने चित्रपट-कलावंतांची छायाप्रकाशाच्या तीव्र विरोधावर आधारलेली चित्रे घेतली. दोहोंची रीत भिन्न होती. चित्रपटनटाच्या चित्रात सावली नाट्य निर्माण करते. उद्योगपतीच्या चित्रात ती शंका निर्माण करते. म्हणून व्यवसायचित्रात मुख्य दिवा साधारणतः समोरून ४५ अंशांवर, डोळ्यांच्या पातळीहून किंचित वर ठेवतात आणि दुसऱ्या बाजूची सावली सौम्य दिव्याने वा पांढऱ्या फलकाने उजळतात.

आजच्या अंकीय छायाचित्रणातही तयारीची मूलतत्त्वे फारशी बदललेली नाहीत. वस्त्र एकरंगी व बिनचमकीचे असावे. अतिशय बारीक रेषांच्या वा चौकड्यांच्या कापडावर संवेदकामुळे तरंगांसारखी खोटी नक्षी उमटते. सावळ्या वर्णाच्या व्यक्तीने शुभ्र सदरा घातल्यास कॅमेऱ्याचा स्वयंचलित मापक कापडाच्या उजळपणामुळे फसतो व चेहरा काळवंडतो. मापन चेहऱ्यावरूनच करावे लागते. जुन्या पट्टिकेची अडचण येथे वेगळ्या वाटेने परत येते. चष्म्याच्या काचांवरील चमक टाळण्यासाठी काड्या कानांवर किंचित उचलतात किंवा दिवा बाजूस घेतात. ३५ मिमी. फिल्मच्या मापाने ८५ ते १३५ मिमी. नाभीय अंतराची भिंगे पसंत केली जातात, कारण त्यांमुळे छायाचित्रकार पुरेसा दूर उभा राहतो व चेहऱ्याची प्रमाणे राखली जातात. हातभर अंतरावरून मोबाइल फोनने घेतलेल्या चित्रात नाक मोठे व कान मागे गेलेले दिसतात, तो दोष चेहऱ्याचा नसून अंतराचा असतो. केस कापावयाचे असल्यास ते आदल्या दिवशी न कापता तीन-चार दिवस आधी कापावेत, ही स्टुडिओंतील जुनी सूचना आजही उपयोगी आहे.

शासकीय ओळखचित्र : पहिल्या महायुद्धाच्या काळात पारपत्रावर छायाचित्र लावण्याची पद्धत रूढ झाली, आणि व्यक्तिछायाचित्राच्या इतिहासात एक नवा पक्ष दाखल झाला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांनुसार पारपत्राच्या चित्रात मुद्रा निर्विकार, डोळे उघडे, नजर समोर व पार्श्वभूमी साधी, फिकट असावी लागते. चेहऱ्याने चौकटीचा किती भाग व्यापावा हेही ठरलेले आहे. येथे तयारी म्हणजे वगळणे होय : पडदा नाही, खुर्ची नाही, स्मित नाही. भारतात १९९३ पासून मतदारांसाठी छायाचित्र ओळखपत्राची योजना सुरू झाली. आधार क्रमांकाचे पहिले वितरण २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी झाले. या योजनांमुळे खेडोपाडीच्या अनेक वृद्धांचे, विशेषतः स्त्रियांचे, एकटीचे असे पहिलेच छायाचित्र निघाले. नोंदणीच्या रांगेत पुढे सरकताच पांढऱ्या पडद्यासमोर बसावयाचे, डोक्यावरचा पदर कपाळावरून थोडा मागे घ्यावयाचा, की चित्र झाले. घेणारा माणूस छायाचित्रकार नसतो व घेतलेले चित्र पसंत आहे काय, असे सहसा विचारले जात नाही.

अशी चित्रे पुढे मूळ हेतूबाहेरही वापरली जातात. घरातील वृद्ध व्यक्ती निवर्तल्यावर दुसरे चित्र उपलब्ध नसल्यास ओळखपत्रावरील किंवा लग्नातील समूहचित्रातील चेहरा वेगळा काढून मोठा करतात. पूर्वी हे काम रिटचिंगचा कारागीर कुंचल्याने करी. आज गावातील स्टुडिओत ते संगणकावर होते. पांढरी पार्श्वभूमी निळी केली जाते, पुरुषाच्या डोक्यावर टोपी वा फेटा व अंगात कोट चढविला जातो, स्त्रीचा पदर नीट केला जातो आणि कुंकवाचा रंग गडद केला जातो. कोणता कोट, कोणता फेटा, हे कुटुंबीय पडद्यावरील नमुन्यांतून निवडतात. चौकट व काच बसवून ही तसबीर दहाव्या किंवा तेराव्या दिवसापूर्वी घरी पोचविली जाते.